उपटू नका, आधी पान उलटून बघा

ताई, नागपूरच्या गच्चीवर भर मे महिन्यात लवंगी आणि भूत जोलोकिया मिरच्या, तुमच्या हौसेला दाद! रोपांची पानं मुरडलीत आणि फुलं गळतायत म्हणता. शेजारच्या काकांनी ‘व्हायरस आहे, उपटून टाका’ असं सांगितलंय, पण इतकी घाई नको. पानं मुरडली की सगळे ‘बोकड्या’ (मिरचीचा पानं मुरडण्याचा रोग) म्हणून मोकळे होतात, पण मुरडण्याची तऱ्हा प्रत्येक वेळी वेगळी असते.

शेंड्याजवळचं एक कोवळं पान धरा. कडा वर वळून त्याची होडी झाली असेल आणि पालथ्या बाजूला चंदेरी ओरखडे असतील, तर ते फुलकिडे. खात्रीसाठी पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे पिवळट किडे पळताना दिसतील. पानाच्या कडा खाली वळून होडी उपडी झाली असेल आणि देठ लांबुडका असेल, तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारी बारीक कीड. हा डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं. पानं बारीक, फोड आल्यासारखी, गुच्छात आणि झाड खुरटं असेल तरच विषाणू. तो पांढऱ्या माशीबरोबर येतो आणि त्याला औषध नाही. तेवढंच रोप उपटायचं.

फुलकिड्यांना पाच मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण, लिटरभर पाणी. फवारणी संध्याकाळी, पानाच्या खालून, आठवड्यातून एकदा. निळे चिकट सापळेही टांगा. कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम. पण तुमच्याकडच्या उन्हात गंधक पान जाळतं, आणि निंबोळी तेलानंतर दोन आठवडे तर अजिबात नको. मी ही घाई केली होती. दुकानदार म्हणाला ‘दोन्ही एकत्रच मारा, लवकर जाईल’, मी मारलं, आणि चौथ्या दिवशी अकरा कुंड्यांतली पानं कागदासारखी चुरचुरली. किडे गेले म्हणा!

फुलगळीला रोग समजू नका. दिवसाचा पारा पस्तीसच्या पुढे गेला की मिरची फूल धरत नाही, आणि नागपुरात तर त्याच्याही पुढे. अकरा ते चार सावलीची जाळी लावा, मातीवर वाळला पाला पसरा, पाणी सकाळी द्या. युरिया तर हातात घेऊच नका, नुसता पाला माजेल. पाऊस पडला की फुलं आपोआप टिकतील.

भूत जोलोकियाबद्दल मात्र खरं सांगतो. ही आसाम-नागालँडच्या ओलसर हवेतली मिरची. २००७ मध्ये गिनीजनं जगातली सगळ्यात तिखट ठरवलेली, दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं माप) वरची. बियाणंच तीन-चार आठवडे रुसून बसतं, तिथं लवंगी आठ-दहा दिवसांत डोकं वर काढते. मला विचाराल तर पहिल्या वर्षी लवंगीच. नाहीतर भिवापुरी, ती तर तुमच्याच जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन असलेली.

‘बिया काढल्या तरी तिखट कशी’ हेही विचारलंय. तिखटपणा बियांत नसतोच, तो बिया ज्याला चिकटतात त्या पांढऱ्या गराच्या शिरेत असतो. जोलोकिया कापाल तेव्हा हातमोजे घाला. हात भाजलेच तर आधी गोडं तेल चोळा, मग साबण. नुसत्या पाण्यानं तिखट जात नाही, आणि डोळ्याला बोट लावू नका, नळ कुठंय तेही सुचणार नाही.

पानाचा फोटो टाका, पालथ्या बाजूचा.