पोटात कावळे की उंदीर?

इंदूरमधल्या मराठी घरातला, पहिलीत शिकणारा साडेसहा वर्षांचा मुलगा. आजी एकदा म्हणाली, "पोटात कावळे ओरडायला लागले." त्या रात्रीपासून तो पालथा झोपेना, कावळे चेंगरतील म्हणून. शाळेत मित्र म्हणाला, "मेरे पेट में चूहे दौड़ रहे हैं." मग नवीनच धास्ती: कावळे उंदरांना खातील! आईचा प्रश्न बऱ्याच घरांत पडतो तोच होता: "हा सगळं शब्दशः घेतो. याच्यात काही दोष तर नाही ना?"

दोष नव्हता. कान आधीच तपासले होते. मराठी-हिंदी दोन्हींत छोटी गोष्ट ऐकून तो नीट परत सांगत होता. मग तपासायला सहा वाक्प्रचार घेतले. प्रत्येकाला दोन ओळींचा प्रसंग आणि तीन चित्रं: शब्दशः अर्थाचं, खऱ्या अर्थाचं आणि भलतंच. तोंडाला पाणी सुटलं, नाक मुरडलं, डोळे वटारले, पोटात गोळा आला, हे चारही बरोबर. "कानाडोळा केला" आणि "नाकी नऊ आले" इथे अडला. चित्रातल्या नाकावर बोट ठेवून तो नऊपर्यंत मोजू लागला.

पहिल्या चारांत शरीर खरंच काहीतरी करतं. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गरम गराडू (तळलेला कंद) समोर आले की लाळ सुटतेच. मूल स्वतःच्या अंगावरून अर्थ धरतं. कानाडोळ्याला असा आधार नाही, तो प्रसंगातून पुन्हापुन्हा ऐकूनच उमगतो. पाच-सहाव्या वर्षापासून प्रसंगाच्या मदतीनं अर्थ लागू लागतो. तोच स्वतःच्या शब्दांत सांगता येणं पुष्कळ पुढचं, ती वाढ किशोरवयातही चालू असते. म्हणून पहिलीतल्या मुलाला "याचा अर्थ सांग" म्हणणं अन्यायाचं आहे.

आजींना सांगितलं: आठवड्याला एकच वाक्प्रचार, खऱ्या प्रसंगात, तीन-चार वेळा. लगेच साधं वाक्य जोडा, "म्हणजे मला खूप भूक लागलीय." पोटाला कान लावून गुरगुर ऐकवा. "याला मराठीत कावळे म्हणतात, हिंदीत चूहे. आत प्राणी कुणीच नाही," हे स्पष्ट सांगा. आणि हा किस्सा पाहुण्यांपुढे सांगून हसू नका. हसं झालं की मूल विचारणंच सोडतं, मग चुकीचा अर्थ आत तसाच राहतो.

नऊ-दहा वर्षांनंतरही घरात रोज कानावर पडणारे वाक्प्रचार प्रसंगासकट शब्दशःच घेतले जात असतील, तर स्पीच थेरपिस्टला दाखवा. गप्पा, खोटाखोटा खेळ, इतर मुलांत मिसळणं यांतही अडचण दिसत असेल, तर मात्र त्या वयाची वाट पाहू नका.