माऊसचा सेन्सर वळणावर गप्प का बसतो?

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सोयाबीनच्या तासातून चालणारा छोटा रोबोट करतोय. खाली जुन्या माऊसचा सेन्सर लावलाय. शहाबादी फरशीवर सरळ अंतर बरोबर देतो, पण धुऱ्यावर वळवायचं म्हणून जागेवर फिरवून बघितला तर वळण कळतच नाही. सर म्हणतात न्यूरल नेटवर्क (उदाहरणं बघून शिकणारा प्रोग्राम) लाव. लागतंच का? – एक वाचक, लातूर

उत्तर : सरांचं चूक नाही, पण थोडी घाई होतीय राव. माऊसचा सेन्सर म्हणजे बारका कॅमेराच, काहींत तर ३० बाय ३० पिक्सेलच असतात, तो सेकंदाला हजारेक फोटो काढतो अन् मागच्या फोटोपासून उभं-आडवं किती सरकलं तेवढंच सांगतो, फिरलं किती हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. जात्याच्या मधोमध बसलेली मुंगी गरगर फिरते पण जाते कुठंच नाही, तसं.

आधी दोन माऊस लावा, एक डावीकडं एक उजवीकडं, २० सेंमी अंतरावर. दोघांच्या पुढं-मागं सरकण्यात ३.५ सेंमी फरक आला तर भागा २० नी, ०.१७५ रेडियन, म्हणजे १० डिग्री. झालं!

पण रानात ढेकळं, अन् माऊसच्या भिंगाला जमीन दोन-अडीच मिलिमीटरवर लागते, तिथं ते चालणार नाही. मग खाली तोंड केलेला कॅमेरा आणि हो, नेटवर्क. मातीचे फोटो काढा, कॉम्प्युटरवर ठराविक कोनात फिरवा, उत्तर आपल्याला आधीच माहीत, अशा जोड्यांवर शिकवा. फोटो मात्र गोल कापा! चौकोनी फिरवला की कोपरे काळे पडतात आणि हे बेणं माती सोडून कोपरे बघूनच उत्तर देतं, घरी ९९ टक्के अन् रानात शून्य. कोन थेट मागू नका, साइन-कोसाइन मागा, नाहीतर ३५९ आणि १ डिग्री त्याला लांबलांबच्या वाटतात. लागोपाठचे फोटोही घेऊ नका, ३० पिक्सेलच्या चित्रात १ डिग्री म्हणजे कडेलासुद्धा जेमतेम पाव पिक्सेल, म्हणून दहा-वीस फोटो मागचा घ्या.

अजून एक, रोबोटवर एकाच बाजूनं एलईडी असला तर माती फिरते पण ढेकळाची सावली त्याच बाजूला पडत राहते, नेटवर्क गंडतं, तर एलईडी गोल रिंगमधी लावा. आणि दोन माऊसवाला जुगाड काढू नका, नेटवर्क खरं बोलतंय का ते फरशीवर तपासायला तोच लागंल.