आईची प्रतिपिंडे, बाळाची त्वचा

प्रश्न : माझे बाळ दोन महिन्यांचे आहे. पाचव्या आठवड्यात त्याच्या डोळ्यांभोवती आणि कपाळावर लाल, गोल चट्टे उठले. गजकर्ण समजून दिलेल्या मलमाचा उपयोग झाला नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी माझेही रक्त तपासले, तेव्हा त्यात ‘अँटी-रो’ प्रतिपिंडे आढळली आणि बाळाला ‘निओनेटल ल्युपस’ असल्याचे निदान झाले. मला स्वतःला कधीच काही त्रास झालेला नाही. माझ्यामुळे बाळाला जन्मभराचा रोग जडला का? त्याला अंगावर पाजणे थांबवावे का?

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यापायी तुमची झोप उडाली असणार. नाही, निओनेटल ल्युपस, म्हणजे आईच्या प्रतिपिंडांमुळे नवजात बाळाला होणारा हा विकार, जन्मभराचा रोग नाही, आणि यात तुमची काहीही चूक नाही. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आईच्या रक्तातील आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळाचे संसर्गापासून रक्षण व्हावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. वारेला मात्र उपकारक आणि अपकारक प्रतिपिंडांतला भेद कळत नाही, त्यामुळे शरीराच्या स्वतःच्याच पेशींवर उलटणारी अँटी-रो प्रतिपिंडेही त्याच वाटेने पलीकडे गेली. अशा बाळांच्या अनेक मातांना निदानाच्या वेळी तुमच्यासारखाच कोणताही त्रास नसतो.

बाळाचे शरीर ही प्रतिपिंडे स्वतः तयार करत नाही. आईकडून आलेला साठा साधारण दर तीन आठवड्यांनी निम्मा होत जातो आणि त्याबरोबर चट्टेही मावळतात. बहुधा सहा ते आठ महिन्यांत त्वचा स्वच्छ होते. क्वचित फिकट डाग किंवा बारीक रक्तवाहिन्यांच्या रेषा काही काळ राहतात. उन्हाने चट्टे उमटतात आणि वाढतात, म्हणून बाळाला थेट ऊन लागू देऊ नका. काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या बाळांमध्येही असे चट्टे उठलेले दिसतात. मलम लागलेच, तर सौम्य स्टिरॉइडचे आणि तेही डॉक्टर सांगतील तितकेच दिवस लावावे.

चट्टे दिसतात म्हणून सगळे लक्ष त्वचेकडे जाते, पण मला खरी काळजी हृदयाची वाटते. हीच प्रतिपिंडे गर्भातील हृदयाच्या विद्युतवहनाच्या मार्गाला इजा करू शकतात आणि त्यातून उद्भवलेला पूर्ण ‘हार्ट ब्लॉक’ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले विद्युत संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत न पोहोचणे) त्वचेसारखा आपोआप बरा होत नाही. अशा बहुतेक मुलांना पुढे पेसमेकर बसवावा लागतो. अँटी-रो प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांच्या शंभर गर्भारपणांत हे एक-दोनदाच घडते. तरीही तुमच्या पत्रात बाळाच्या ईसीजीचा उल्लेख नाही, म्हणून तो अजून काढला नसेल तर याच आठवड्यात काढून घ्या. त्याचबरोबर रक्तातील प्लेटलेट आणि यकृताचे एन्झाइमही तपासावेत. यांत बिघाड आढळला तरी तो बहुतेक वेळा तात्पुरताच असतो.

अंगावर पाजणे मुळीच थांबवू नका. दुधात प्रामुख्याने आयजीए प्रकारची प्रतिपिंडे असतात, आणि अँटी-रो ज्या प्रकारात मोडते ती आयजीजी दुधावाटे बाळाच्या रक्तात नगण्य प्रमाणात पोहोचतात.

तुम्ही स्वतःसाठीही संधिवाततज्ज्ञांना एकदा भेटा. डोळे किंवा तोंड सतत कोरडे पडणे, सांधे दुखणे, उन्हात गेल्यावर अंगावर पुरळ येणे, अशी लक्षणे पुढे काही स्त्रियांमध्ये दिसू लागतात. बारकाईने विचारले की कधी ती आधीपासूनच होती असे लक्षात येते.

तुम्ही विचारले नाही, तरी पुढच्या गर्भारपणाविषयी आत्ताच सांगून ठेवतो. त्या बाळाला हृदयाचा त्रास होण्याची शक्यता एरवीपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना या बाळाची हकिकत सांगा. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे औषध गर्भारपणाच्या सुरुवातीपासून घेतल्यास तो धोका कमी होतो असे दिसून आले आहे, आणि साधारण १६ ते २६ आठवड्यांदरम्यान गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी ठरावीक अंतराने केली जाते. चट्टे मावळण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून, निदानाचा कागद आणि तुमच्या रक्ताचा अहवाल यांच्यासोबत जपून ठेवा. त्या वेळी तुमच्या डॉक्टरांना ती हवी असतील.