शर्कत स्मारकासमोर काढलेल्या चपला

प्रिय सई,

बेळगावच्या मराठा सेंटरमधले, म्हणजे मराठा पलटणीच्या प्रशिक्षण केंद्रातले, संग्रहालय पाहून झाल्यावर शर्कत स्मारकासमोर मी चपला काढून वाकले, तेव्हा तू विचारलेस, "आई, घरी तू देवालाही रोज हात जोडत नाहीस, मग इथे कशाला? ही माणसे तर इंग्रजांसाठीच मेली ना?" मी "ऊन फार आहे, चल" म्हणून तुला गाडीत बसवले. ते उत्तर नव्हते, आणि लीड्सला परतल्यावरही ते मला टोचते आहे.

तुझा आक्षेप खोटा नाही. शर्कत हे गाव इराकात, टायग्रिसच्या काठी आहे. १९१८ साली तिथे लढलेल्या ११४व्या मराठा पलटणीला २८ शौर्यपदके मिळाली खरी, पण ती लढाई साताऱ्या-रत्नागिरीतल्या कोणाच्या शेतासाठी नव्हती.

तू आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, पाहिले नाहीस. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीतून इटलीला गेले, ते दोन वेळच्या भाकरीसाठी आणि घरी पोचणाऱ्या मनिऑर्डरीसाठी. युद्धाविषयी विचारले की "इटलीत चिखल फार" एवढेच सांगत. तपकिरीच्या जुन्या डबीत त्यांचा टोपीवरचा बिगुलाचा पितळी बिल्ला असे. खंडेनवमीला तो चिंचेने घासण्याचे काम माझे. मग विळा, कोयता, खुरपे यांच्या ओळीत तोही पाटावर बसे आणि आजी त्याला हळदकुंकू वाही. संग्रहालयात काचेआड बिगुलाचा बिल्ला दिसला, तेव्हा तू पुढच्या कपाटाकडे गेली होतीस. तो लख्ख होता. आमच्या बिल्ल्यावरच्या बिगुलाच्या वेढ्यात मात्र हळदीचा कण अडकलेला असे, तो सुईनेही निघत नसे.

तिथे ज्यांच्याविषयी मी तुला सांगू लागले आणि तू कंटाळलीस, ते नामदेव जाधव नगरकडचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनियो नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले, हाताला जखम झाल्यामुळे बंदूक चालेना तेव्हा हातबॉम्ब फेकले, आणि शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना करत उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावले. इंग्रजांच्या फौजेतला शिपाई परक्या नदीच्या बांधावर शिवाजी महाराजांचा जयजयकार करतो, याचा अर्थ मला अजून नीट लावता आलेला नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, देणाऱ्यांनी तो कसा लावला असेल, कोण जाणे.

राहिला प्रश्न चपलांचा. आबा मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून कॅम्पातून नेत, तेव्हा सेंटरच्या फाटकासमोर उतरून चपला काढत आणि क्षणभर उभे राहत. एकदा समोरून माझ्या वर्गातली मुलगी येत होती, म्हणून मी हे आजोबा माझे नव्हेतच अशी मान फिरवली. त्यांनी ते पाहिले असावे, कारण घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत. त्या दिवशी तुझ्यासमोर वाकताना मी इंग्रजांना, पलटणीला की त्या फिरवलेल्या मानेला नमस्कार केला, हे मला नक्की सांगता येणार नाही.

तू वाकावेस असे माझे म्हणणे नाही. पुढच्या वेळी तू बूट घालूनच बाजूला उभी राहा. फक्त दुपारी नको, सकाळी जाऊ. ती फरशी फार तापते आणि आता माझे तळवे शहरी झाले आहेत.

तुझी,
आई