एमजीबीचे एअर फिल्टर बदलताना

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या जोड एसयू एचएस४ कार्बोरेटरांचे (इंजिनाला हवा-पेट्रोलचे मिश्रण पुरवणाऱ्या भागांचे) कागदी फिल्टर बदलणे अवघड नाही, मात्र फिल्टरचे डबे काढण्यापूर्वी भोवतालची धूळ पुसून घ्यावी आणि उघडी तोंडे स्वच्छ फडक्याने झाकावीत. खरी काळजी गॅस्केटची, म्हणजे डबा व कार्बोरेटर यांमधल्या सपाट पॅकिंगची, घ्या. कार्बोरेटरच्या तोंडावर दोन बारीक छिद्रे असतात, ज्यांतून कार्बोरेटरमधल्या पिस्टनच्या खालच्या बाजूस हवा पोहोचते. गॅस्केट उलटे बसल्यास ती बुजतात, पिस्टन नीट उचलला जात नाही, गाडी ओढत नाही आणि नवशिका उगाच मिश्रणाचा नट फिरवत बसतो. म्हणून बोल्ट आवळण्यापूर्वी गॅस्केटची भोके त्या छिद्रांवर नेमकी आली आहेत ना, हे डोळ्यांनी पाहा. अधिक हवा सोडणारे फिल्टर घेतल्यास कार्बोरेटरमधली पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी सुईही बदलावी लागू शकते. त्यामुळे सुरुवातीला मूळ कागदी फिल्टरच बसवावेत, असे मला वाटते.