तीन पिना तुटल्या म्हणून ब्याण्णव हजारांचा हप्ता?

सांगलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

"मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. वय २७. सीझनमध्ये महिन्याला ४० हजारांच्या आसपास सुटतात, पावसाळ्यात निम्मेही नाहीत. सीझन सुरू व्हायच्या आधी कॉम्प्युटर साफ करायला घेतला, तर कूलर ओढताना त्याला चिकटून प्रोसेसरच उपटून आला. रायझन ७ ३७००एक्स आहे, रॅम ३२ जीबी डीडीआर४. प्रोसेसरच्या खालच्या वीसेक पिना वाकल्या, तीन तुटल्या. इथला दुकानदार ६०० रुपयांत वाकलेल्या पिना सरळ करतो, तुटलेल्या बसवत नाही. पुण्यातला एक कारागीर ३,५०० मागतो, निम्मे आधी, दहा दिवस लागतील, गॅरंटी नाही. नवा रायझन ७ ५७००एक्स १३,५००ला मिळतोय. दुकानदार म्हणतो, हे सगळं जुनं झालं, ९२ हजारांत नवा कॉम्प्युटर घे, बारा हप्ते, बिनव्याजी. तीन आठवड्यांत द्यायचं २४ हजारांचं काम हातात आहे. एक फोटोग्राफर त्याचं मशीन रोज ५०० रुपये भाड्याने देतो. बँकेत ३८ हजार आहेत, महिना तीन हजारांची एसआयपी चालू आहे, घरखर्च १८ हजार. आईच्या नावाची एक लाखाची ठेव मोडू का? मित्र म्हणतो, ऑनलाइन नवा प्रोसेसर मागव आणि त्याच खोक्यात जुना घालून परत कर."

नमस्कार. मित्राच्या सल्ल्याचं उत्तर आधी देते, कारण त्यावर दुमत नाही. हे करू नका. ती सरळ फसवणूक आहे. प्रोसेसरच्या पत्र्यावर त्याचा क्रमांक कोरलेला असतो, तो जुळला नाही की पकडले जाल. आणि नाही पकडले गेलात, तर तो तुटका प्रोसेसर तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी घरी "नवा" म्हणून पोहोचेल. तुम्ही स्वतः ऑनलाइन मागवलात, तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ जरूर काढा. असे उद्योग करणारे लोक आहेत, म्हणून ही काळजी घ्यावी लागते.

आता मूळ प्रश्न. तुम्ही ६००, ३,५००, १३,५०० आणि ९२,००० असे चार आकडे एका रांगेत मांडलेत, आणि त्यात दुरुस्ती स्वस्त, नवं महाग असं चित्र दिसतं. पण या रांगेत एक आकडा नाहीच: मशीन बंद असताना रोज खिशातून जाणारे पैसे. तुमच्या बाबतीत तो निदान ५०० रुपये आहे, भाड्याचा. तो धरला की चित्र पालटतं.

पुण्याचा हिशेब करून बघू. काम जमलं तर ३,५०० आणि दहा दिवसांचं भाडं ५,०००, म्हणजे ८,५००. नाही जमलं, तर आगाऊ दिलेले १,७५० गेले, भाड्याचे ५,००० गेले, आणि नवा प्रोसेसर घ्यावाच लागला: १३,५०० आणि तो येईपर्यंतच्या दोन दिवसांचे आणखी १,०००. बेरीज २१,२५०. जमण्या-न जमण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरली, तर सरासरी खर्च १४,८७५ येतो. आजच नवा मागवलात तर १४,५००. म्हणजे "स्वस्त" दुरुस्ती थोडी महागच पडते. कारागीर खूप चांगला आहे, चारांतली तीन कामं त्याला जमतात असं समजलं, तरी सरासरी ११,७००च्या घरात जाते. वाचले २,८००. त्या २,८००च्या बदल्यात हातात काय येतं, तर २०१९ सालच्या जातीचा, तीन पिना डकवलेला, वॉरंटी नसलेला प्रोसेसर. आणि तुमच्या तीन आठवड्यांतले दहा दिवस गेलेले. नवा सीलबंद घेतलात तर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी मिळते. मला हा सौदा पटत नाही.

यात त्या कारागिराला कमी लेखायचा हेतू नाही. मेलेल्या प्रोसेसरची पिन काढून ती दुसऱ्याच्या पृष्ठावर सोल्डर करायची, आणि शेजारच्या पिनांना धक्का लागू द्यायचा नाही, हे फार नाजूक काम आहे आणि ३,५०० रुपये त्याला जास्त नाहीत. तुमच्याकडे सोळा कोअरचा ५९५०एक्स असता, तर मी नक्की पुण्याला पाठवा म्हटलं असतं. दुरुस्तीची रक्कम वस्तूच्या आजच्या किमतीशी ताडून बघायची असते, आणि ३७००एक्सची सेकंडहँड किंमत आता एवढा धोका पत्करण्याइतकी उरलेली नाही.

६०० रुपयांची गोष्ट मात्र वेगळी. ते आधी करा, उद्याच करा.

कारण असं. तुमचा प्रोसेसर एएम४ या सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या बैठकीचा. त्याला १,३३१ पिना असतात आणि सगळ्यांचं काम सारखं नसतं. बऱ्याच पिना नुसत्या ग्राउंडच्या किंवा वीजपुरवठ्याच्या असतात. त्यांतली एखादी गेली तर शेजारच्या पिना तिचा भार उचलतात आणि मशीनला पत्ताही लागत नाही. काही पिना रॅमच्या असतात, काही ग्राफिक्स कार्डाच्या. त्या गेल्या की तेवढाच भाग लुळा पडतो. आणि काहींवाचून मशीन सुरूच होत नाही. कोणती पिन कशाची, याचे नकाशे नेटवर मिळतात. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तिथून मोजणी सुरू होते. मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा, तुटलेल्या तीन जागा नकाशाशी ताडून बघा. तिन्ही ग्राउंडच्या निघाल्या, तर ६०० रुपयांत तुमचं काम झालं असं समजायला हरकत नाही. रॅमच्या एका चॅनेलची (रॅमच्या दोन वाटांपैकी एकीची) पिन गेली असेल, तरी दुसऱ्या चॅनेलच्या दोन खाचांत दोन्ही पट्ट्या बसवून मशीन चालण्याची शक्यता असते. वेग थोडा कमी होईल, पण हातातलं काम निघेल. त्यासाठी बोर्डावर रॅमच्या चार खाचा हव्यात.

एक अट आहे आणि ती पैशाचीच आहे. सरळ केलेला प्रोसेसर पहिल्यांदा तुमच्या मदरबोर्डवर लावू देऊ नका. दोन पिना एकमेकींना टेकल्या, किंवा तुटलेला तुकडा सॉकेटमध्ये अडकून राहिला, तर बोर्डही जाऊ शकतो. दुकानदाराला त्याच्याकडच्या एखाद्या जुन्या बोर्डावर चाचणी घ्यायला सांगा, १०० रुपये जास्त मागितले तर द्या. तुमचा सॉकेटही भिंगाखाली तपासून घ्या. तुमच्या पेटीत आज प्रोसेसरपेक्षा मोलाच्या वस्तू बोर्ड, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड या आहेत. त्यांना वाचवणं पहिलं.

मशीन सुरू झालं, तर लगेच गिऱ्हाइकाचं फुटेज त्यावर चढवू नका. रात्रभर मेमरी टेस्ट चालवा, एखादा लांब एक्स्पोर्ट लावून बघा, पूर्ण रॅम दिसते का आणि ग्राफिक्स कार्ड पूर्ण वेगाने जोडलं गेलंय का ते पाहा. लग्नाचं फुटेज परत शूट होत नाही. त्याची दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर असल्याशिवाय या मशीनवर काम करू नका. सगळं नीट चाललं, तर १३,५०० खर्चू नका, पण विसरूही नका. सीझन संपेपर्यंत ती रक्कम वेगळ्या खात्यात पडू दे.

नाही चाललं, तर त्याच दिवशी ५७००एक्स मागवा. तुमच्या जुन्याइतकेच आठ कोअर, वीजही त्याच ६५ वॉटच्या वर्गातली, त्यामुळे आहे तो कूलर आणि पॉवर सप्लाय चालेल. कूलरचं बरं झालं, कारण ५७००एक्सच्या खोक्यात तो येत नाही. पण मागवण्याआधी बोर्डाचं मॉडेल नीट बघून घ्या. तो बी४५० या प्रकारचा किंवा त्याच्या काळातला असेल, तर नव्या प्रोसेसरसाठी आधी बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागेल, आणि चालता प्रोसेसर नसेल तर ते सहसा करता येत नाही. काही बोर्डांना प्रोसेसरशिवाय बायोस चढवायचं बटण असतं. तुमच्याला नसेल, तर विकणाऱ्याकडूनच ते काम किमतीत धरून करून घ्या. नाहीतर १३,५०० मोजून काळा पडदा बघत बसाल आणि भाड्याचं मीटर चालूच राहील.

आता ते ९२ हजार. दुकानदार खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. एएम४ खरंच जुना आहे, २०२२मध्ये एएम५ आला. पण एएम५मध्ये तुमची ३२ जीबी डीडीआर४ रॅम बसत नाही, त्याला डीडीआर५च लागते. आणि २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रूशियल या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी हातातली चांगली ३२ जीबी रॅम मोडीत काढून नवी घेणं म्हणजे भाव चढलेल्या बाजारात स्वतःहून जाऊन उभं राहणं आहे. शिवाय नव्या मशीनमध्ये पिनांची कटकट नाही असंही नाही. तिथे पिना प्रोसेसरवर नसून मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असतात, १,७१८, आणि जास्त नाजूक. त्या वाकल्या तर नुकसान बोर्डाचं.

हप्त्याचं बघा. महिना ७,६६७. सीझनमध्ये तो निघेल. आषाढ लागल्यावर तुमचं उत्पन्न २० हजारांच्या खाली, घरखर्च १८ हजार, मग हप्ता कुठून येणार? हे हप्ते क्रेडिट कार्डावरचे असतील, तर थकबाकी राहिली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाला ते ४२ टक्के होतं. "बिनव्याजी" हा शब्दही सोडून द्या. बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत आधी दाखवली जाते, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या माथी. दर १५ टक्के धरला, तर ९२ हजारांच्या हप्त्यांत सुमारे ७,०६० व्याज बसतं आणि त्यावर १,२७० कर, वर प्रोसेसिंग फी. रोख घेतलं तर किती कमी कराल, एवढंच दुकानदाराला विचारा. बिनव्याजीची खरी किंमत त्याच्या उत्तरात कळेल.

कर वाचेल म्हणून मोठी खरेदी करा, असंही कुणी सांगेल. तुमची उलाढाल २० लाखांच्या खूप आत आहे, जीएसटीची नोंदणी नसेल तर भरलेला कर परत मिळत नाही. आणि अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने (उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरून) रिटर्न भरत असाल, तर कॉम्प्युटरचा घसारा वेगळा मागता येत नाही. बिल मात्र जपून ठेवा, वॉरंटीसाठी लागेल.

आईची ठेव मोडायची नाही. त्या पैशावर आईचा दवाखाना अवलंबून आहे असं मी धरून चालते, आणि तुमच्याकडे ३८ हजार रोख असताना तिच्याकडे जायची वेळ आलेलीच नाही. एसआयपीही चालू ठेवा. दुरुस्ती, नवा प्रोसेसर आणि दोन दिवसांचं भाडं असे १५,१०० गेले, तरी २२,९०० उरतात. ही शिल्लक कमी आहे, जेमतेम सव्वा महिन्याची, म्हणून ती आजच भरून काढायला घ्या. २४ हजारांच्या कामाचा तिसरा हिस्सा, आठ हजार, गिऱ्हाइकाकडून आगाऊ मागा. मांडववाला, केटरर, बँडवाला सगळे इसार घेतात, एडिटरनेच का लाजायचं? आणि इथून पुढे प्रत्येक कामाला हाच नियम.

सीझनच्या सात महिन्यांत महिना १,५०० रुपये मशीनच्या नावाने वेगळे टाका, रिकरिंग ठेव चालेल. वर्षाचे १०,५०० होतात. तीन वर्षांनी नवं मशीन खरंच लागेल, तेव्हा एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, पेटी यांतलं बरंच पुढे नेता येईल, आणि या पैशात बोर्ड, प्रोसेसर, रॅम यांचा मोठा भाग निघेल.

पुढच्या वेळी कूलर काढायच्या आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चांगलं तापू द्या, म्हणजे कूलर आणि प्रोसेसर यांच्यामधली थर्मल पेस्ट मऊ होते. मग बंद करून, वायर काढून, कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवा आणि सुटल्यावरच उचला. एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसरला वरून दाबून धरणारी पट्टी नसते, फक्त पिनांची पकड असते, त्यामुळे तुमच्या हातून जे झालं ते पुष्कळांच्या हातून होतं. उद्या दुकानात जाताना तुटलेले तुकडे सापडले तर तेही डबीत घालून न्या, आणि निघण्याआधी फोटोग्राफरला फोन करून त्याचं मशीन दोन दिवसांसाठी सांगून ठेवा.