राजीनामा देण्याआधी दुकानात बस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

लातूर जिल्ह्यातील कृषी सेवा केंद्रांसाठी उधारी आणि साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर करण्याचा तुझा आराखडा वाचला. भेटलेल्या सर्व दुकानदारांनी ‘छान आहे, करा’ असे सांगितल्यामुळे तू नोकरी सोडायला निघाला आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दारी आलेल्या मुलाचे मन आपल्याकडे सहसा कोणी मोडत नाही. चहा पाजतात आणि होकारही देतात. त्या होकाराची किंमत त्या चहाएवढीच धर.

दुकानदाराला त्याचे मत विचारू नकोस, मागे काय घडले ते विचार. गेल्या दिवाळीच्या सुमारास सोयाबीन विकले गेल्यावर वसुली करताना कोणकोणत्या खात्यांवर वाद झाला, वही कोण लिहीत होते, आणि बुडालेली रक्कम नोंद नसल्यामुळे बुडाली की पीक गेल्यामुळे? यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाऊस न पडल्याने थकलेली उधारी कोणतेही सॉफ्टवेअर वसूल करून देणार नाही; पण माल धाकट्या भावाने नेला, खाते थोरल्याच्या नावावर आणि दोघेही हात वर करतात, असा तंटा वारंवार होत असेल, तर तिथे तुला काम आहे.

त्याच बैठकीत खताचे एक पोते किती ठिकाणी लिहिले जाते तेही पाहा. अनुदानित खताची विक्री आधार पडताळणी करून पॉस (विक्रीनोंदीच्या) यंत्रावर नोंदवावी लागते, साठ्याची नोंदवही परवान्यासाठी ठेवावी लागते, जीएसटीचे हिशेब बहुधा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातात, आणि नुसती उधारी लिहायला खाताबुक, ओकेक्रेडिट यांसारखी ॲप फुकट मिळतात. एवढ्या नोंदी करून थकलेला गल्ल्यावरचा मुलगा तुझ्यासाठी आणखी एक नोंद का करील, याचे उत्तर तुझ्या आराखड्यात मला सापडले नाही.

इंग्लंडमध्ये जोएल गॅस्कॉइन याने २०१० साली ‘बफर’ ही ट्विटरवरील मजकूर ठरल्या वेळी प्रसिद्ध करणारी सेवा बांधण्याआधी नुसते एक माहितीचे पान मांडले होते. लोक ईमेल पत्ता देतात हे दिसल्यावर त्याने ईमेल मागण्याआधी दरांचे पान घातले: फुकट, महिना ५ डॉलर आणि महिना २० डॉलर. काही जणांनी पैशांचे पर्याय निवडले, तेव्हा कुठे तो बांधणीला लागला. मात्र त्याचे गिऱ्हाईक ट्विटरवरच होते, तुझे गिऱ्हाईक औसा-निलंग्याच्या बाजारपेठेत गल्ल्यामागे बसलेले आहे. त्यामुळे पान मांडून वाट पाहत बसण्यात तुझा फायदा नाही.

त्याऐवजी दोन-तीन दुकाने निवड, रोज दुकान बंद होताना त्यांच्या वहीच्या पानांचे फोटो मागव, रात्री एक्सेलमध्ये खाती उतरव आणि खातेदारांना थकबाकीचा निरोप व्हॉट्सॲपवर स्वतः पाठव. हे काम कंटाळवाणे आहे, पण कोणती नोंद दुकानदाराला खरोखर हवी आहे आणि कोणती फक्त तुझ्या आराखड्यात आहे, ते यातूनच उमजेल. पहिल्या दिवसापासून शुल्क घे, भले ते थोडे असो. ओळखीखातर फुकट करशील तर दुकानदार नकारही देणार नाही आणि पैसेही देणार नाही. दुसऱ्या महिन्याचे पैसे तू न मागता आले, तर ती खरी मागणी समज.

मृगाचा पाऊस झाला की दुकानदाराला मुलाखतीसाठी गाठू नकोस, पण त्याच दिवसांत कोपऱ्यात उभा राहून गर्दी बघ, कारण वहीत एक ओळ खरडायला लागणाऱ्या वेळेत तुझी नोंद झाली नाही तर ती होणारच नाही. राजीनाम्याचा विषय दिवाळीची वसुली पाहूनच काढ. तोवर जे दुकानदार आगाऊ पैसे द्यायला नकार देतील, त्यांची कारणे त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठव.

तुझा हितचिंतक